मार्गळीतल्या दह्याचा वास

दही उशिरा लागायला लागलं की समजायचं, मार्गळी आली, आपला धनुर्मास. पंचांग मागाहून बघावं. एरवी आमच्या कुंभकोणात दुधाला विरजण लावून पाठ फिरवली की दही तयार. वैशाखात तर दुपारपर्यंत इतकं आंबतं की दात शिवशिवतात. मार्गळीत मात्र दूध रुसतं. संध्याकाळी विरजलेलं पहाटे झाकण काढून पाहावं तर अजून डुचमळतंय. मग भांड्याला गोणपाट गुंडाळायचं, चुलीच्या कडेला सरकवायचं आणि त्याच्या नादी न लागता आंघोळीला जायचं. बाहेर रस्त्यावर दव पडलेलं असतं. बायका वाकून कोलमच्या रांगोळ्या काढत असतात, कोलमच्या मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचलेलं असतं. देवळातून भजन ऐकू येतं, म्हणणाऱ्यांचे गळे थंडीने बसलेले. आपण ओल्या अंगाने परत येईतो दही लागलेलं असतं. आणि असं सावकाश, मनधरणी करून लागलेलं दहीच खरं दही. त्याला वास असतो.

कसला वास, ते सांगता येत नाही. ताज्या लोण्याचा म्हणावा तर त्याहून हलका. ओल्या खोबऱ्याचा म्हणावा तर त्याहून गोड. झाकण उचललं की क्षणभर नाकाशी येतो आणि जातो. पुन्हा वाकून शोधायला गेलं की सापडत नाही.

आम्ही कित्येक पिढ्या इकडे कावेरीकाठी राहिलेले मराठी. मी तिसरीपर्यंत शिकलो. सांगायला लाज वाटत नाही. तिसरीत मास्तरांनी विनाकारण कान पिळला, मी पाटी तिथेच ठेवून घरी आलो तो परत गेलो नाही. वडिलांनी भांड्यांच्या दुकानात बसवलं, अजून तिथेच बसतो. पितळेच्या समया, तांब्याचे हंडे, आणि आता सगळ्यांच्या डोक्यात भरलेलं ते एवरसिल्वर, म्हणजे स्टेनलेस स्टील. भांडं विकलं की त्यावर नाव घालून द्यायचं, हे माझं खास काम. छिन्नी धरायची, हातोडीने हलके ठोके द्यायचे, ठिपक्याला ठिपका लागून अक्षर उमटतं. इकडच्या लोकांना इंग्रजी आद्याक्षरं हवी असतात. त्यामुळे इंग्रजी वाचता येत नसलं तरी इंग्रजीतली अक्षरं मला कॉलेजातल्या पोरांपेक्षा सरळ काढता येतात. ही विद्या पुढे कुठे कामाला येणार होती, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

विरजण माझ्या बायकोचं, अंबुजाचं. तिरुनीलक्कुडीहून लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईने काशाच्या झाकणवाटीत दही घालून मांडीवर दिलं होतं. बैलगाडीत सगळी वाट ती वाटी हलू न देता बसून होती. आमच्या घरी आल्यावर देवाला नमस्कार करायच्या आधी तिने दूध मागितलं. ते दही दगडाच्या भांड्यात लागलं. आम्ही त्याला कल्चट्टी म्हणतो, मऊ काळा दगड कोरून केलेलं भांडं. सांबार त्यात रटरटतं, दही त्यात थंड राहतं. भांड्यांच्या दुकानदाराच्या घरी दही मात्र दगडात, म्हणून लोक हसत. अंबुजाने मला त्या भांड्याला कधी हात लावू दिला नाही. म्हणे, "तुमचे हात पितळेचे. दूर व्हा." आणि खरंच, माझ्या हातांना पितळेचा वास आहे. साबणाने जात नाही, चिंचेने जात नाही.

गल्लीत कुणाचं दही बिघडलं की बाया वाटी घेऊन आमच्याकडे येत. अंबुजा देत असे, पण दिवे लागायच्या आत. दिवा लागला की घरातलं विरजण उंबऱ्याबाहेर जायचं नाही, लक्ष्मी जाते. समोरच्या घरातल्या राजम् मामी एकदा संध्याकाळी वाटी घेऊन आल्या, तर अंबुजाने त्यांना बसवून कॉफी पाजली, इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या आणि सकाळी या म्हणून सांगितलं. मामी रागावल्या नाहीत. त्यांच्या घरीही तीच रीत.

आमची मुलगी सुगुणा. तिला मदुरैला पुढे शिकायला पाठवायचं ठरलं तेव्हा चोळपुरम्‌हून आमचे नातेवाईक मला समजवायला आले होते. मुलीला इतकं शिकवून तिला वर कुठला मिळेल, म्हणून विचारत होते. मी त्यांना म्हटलं, मी तिसरीवाला, मला मिळाली ना बायको. मी पाठवली. ती तिथे जंतूंचा अभ्यास करायला लागली. पहिल्या सुट्टीत आली ती आईकडे दही मागायला. खायला नव्हे. काचेच्या छोट्या नळीत, कापसाचं बूच लावून, आईचं दही मदुरैला गेलं. सकाळच्या उन्हात दिलं अंबुजाने, रीत सांभाळून.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, नव्वद उजाडायचं होतं. त्या वर्षांतली एक मार्गळी माझ्या डोक्यात जशीच्या तशी बसली आहे. पोंगलाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुट्टीला सुगुणा घरी आली ती हातात फोटोच्या फिल्मींची मोठी पाकिटं घेऊन. छातीचा फोटो काढतात ना डॉक्टर, तसल्या फिल्मी. पण त्यात बरगड्या नव्हत्या, आईच्या दह्यातला जंतू होता. चार रांगांत बारीक काळ्या रेघा होत्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, खालून वरपर्यंत. मदुरैच्या कॉलेजात दिव्याच्या पेटीपुढे सगळ्यांची गर्दी, म्हणून कामच घरी आणलं होतं. आमच्या पूर्वेच्या खिडकीत मार्गळीचं कोवळं ऊन येतं. तिने फिल्म खिडकीच्या गजांना चिमट्याने अडकवली आणि मला म्हणाली, "अप्पा, मी वाचते. तुम्ही लिहा."

चारच अक्षरं होती. ए, टी, जी, सी. कुठल्या रांगेत रेघ आली ती बघायची, ते अक्षर म्हणायचं, एक पायरी वर चढायचं. ती म्हणे, मी लिहीत जाई. सुरुवातीला हाताच्या सवयीने मी ठिपके ठिपके देऊनच अक्षरं काढली. सुगुणा हसून म्हणाली, अप्पा, कागद आहे, हंडा नव्हे. अंबुजा खाली बसून पोंगलासाठी वालाच्या शेंगा सोलत होती. थोड्या वेळाने तीही पुटपुटायला लागली. सुगुणा म्हणे "टी टी ए जी", की मागून अंबुजाचं "टी टी ए जी", भजनात मागचे म्हणतात तसं, हळूहळू चाल लावून. लेकीची ओळ चुकली. पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात. तिने आईला गप्प बसायला सांगितलं. अंबुजा म्हणाली, माझंच दही, मजला म्हणायला बंदी कैसी?

दुपारी जेवणानंतर सुगुणाने मला समजावून सांगितलं. जंतूच्या पोटात एक लांब दोरा असतो, त्यात त्याचा सगळा संसार लिहिलेला असतो. त्याशिवाय कधीकधी एक छोटं कडं असतं, निराळं. ते नसलं तरी जंतू जगतो, खातो, वाढतो. मी विचारलं, मग वागवतो कशाला? ती म्हणाली, एखादं जास्तीचं काम येतं त्याने. दुधात लिंबातल्यासारखं आंबट असं काही थोडंसं असतं. ते आत घ्यायला जंतूला दार लागतं, आणि ते दार कसं करायचं ते या कड्यात लिहिलेलं आहे. ते आत गेलं की पोटात त्याचा वास तयार होतो. दही आंबतं ते वेगळ्या कामाने. वास येतो तो या कड्यामुळे.

मला ते लगेच पटलं. हंड्याला कडी नसली तरी हंडा हंडाच, पाणी राहील त्यात. पण कडी असली तर गोष्ट निराळी.

मग तिने एका मोठ्या कागदावर गोल काढला आणि त्याभोवती बाण काढून एकेका तुकड्याचं काम लिहिलं. इथे ते दार. इथे कड्याने आपली नक्कल कशी करायची ते. अंबुजा वाकून पाहत होती. म्हणाली, "म्हणजे माझ्या दह्याची पत्रिका मांडतेस की." एक तुकडा बराच लांब होता आणि त्यावर सुगुणाने लिहिलं, काम ठाऊक नाही. अंबुजाने विचारलं हे काय, तिने सांगितलं. अंबुजा माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐसे आपल्या घरीही आहेत. अप्पांचं नाव घाल तिथे." तिघेही हसलो. खिडकीतलं ऊन सरकून भिंतीवर गेलं होतं. मार्गळीचा दिवस लहान.

असं वाटतं, ती एक दुपार भांड्यासारखी हातात घेऊन बोटाने वाजवून पाहावी. अजून तोच नाद येईल.

पुढच्याच वर्षी कार्तिकात अंबुजा गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि उतरलाच नाही. सुगुणाला तार केली. मदुरैहून तिरुचीपर्यंत तिला बस मिळाली, तिथून पुढे पावसाने रस्ता अडला होता. ती पोचली तेव्हा आम्ही कावेरीवरून परत आलो होतो. आईचा चेहरा तिला दिसला नाही. ती दारात उभी राहिली. भिंतीशी टेकलेली आईची चटई बघत राहिली.

आम्ही नदीवर असताना चोळपुरम्‌च्या बायांनी घर साफ केलं होतं. सुतकातलं घर जसं साफ करतात तसं. भरलेलं पाणी ओतलं, शिजलेलं टाकलं, आणि कल्चट्टीतलं दही मागच्या शेवग्याच्या बुंध्याशी ओतलं. भांडं चिंचेने आणि राखेने घासून, कढत पाणी घालून, उन्हात पालथं ठेवलं. त्यांचं काही चुकलं नाही. आमच्याकडे असंच करतात, त्यांच्या जागी मी असतो तरी दुसरं काही केलं नसतं. मी मागच्या दारी गेलो, पालथं भांडं पाहिलं. शेवग्याच्या मुळाशी पांढरा ओघळ होता, मुंग्या लागल्या होत्या. तिच्या हातचं घरात जिवंत असं तेवढंच राहिलं होतं. लुगडी होती, समई होती, पण त्यांना हात लावल्याशिवाय ती काही करत नाहीत. दही रोज उठून काम करत होतं.

मी जन्मात कुणाच्या दारी वाटी घेऊन गेलो नाही. सुतक फिटल्यावर गेलो. समोर, राजम् मामींकडे, सकाळच्या उन्हात. मामींनी माझ्या हातातली वाटी पाहिली आणि पदर डोळ्यांना लावला. त्या म्हणाल्या, "राव, माझ्याकडे तिचं नाही हो राहिलं. पाकिटाचं दूध आलं, त्यात दुकानातलं दही मिसळलं, सगळं एक होऊन गेलं. आणि खरं सांगते, तिचंच विरजण होतं तेव्हासुद्धा माझ्या घरी तो वास आला नाही." गल्लीतल्या बाकीच्या घरांचंही तेच. तिरुनीलक्कुडीचं माहेर कधीच विकलं होतं. तिथल्या चुलीवर आता कोण काय शिजवतं, देव जाणे. मी रिकामी वाटी घेऊन परत आलो. रस्ता तेवढाच, पण ओलांडायला फार वेळ लागला.

त्या दिवशी सुगुणा परत मदुरैला निघायची होती. पिशवी भरताना तिने मला सांगितलं, "अप्पा, आईचं दही माझ्याकडे आहे. मी घेऊन येते."

त्या एका वाक्यावर मी मार्गळी काढली. दुकानात बसत होतो, नावं घालत होतो. गिऱ्हाईक काय बोलतं ते अर्धं ऐकत होतो. गोविंदपुरम्‌ला विठ्ठलाच्या देवळात भजनाला गेलो, नुसता टाळ धरून बसलो. घरी कल्चट्टी पालथीची सुलटी केली, दूध घालणाऱ्या गवळणीला सांगून ठेवलं, मुलगी येणार आहे, पाणी घालशील तर बघ. ती म्हणाली, मी कधी घालते? खरं तर रोज घालते.

हे सगळं करताना एक गोष्ट मी जाणत होतो आणि मनात येऊ देत नव्हतो. वास त्या कड्यात आहे आणि कड्याशिवाय जंतू मजेत जगतो. हे तिनेच शिकवलं होतं.

पोंगलाच्या आधी ती आली. थर्मासात बर्फ, बर्फात नळी. जुन्या नळ्या गारठवून ठेवल्या होत्या त्या एका उन्हाळ्यात वीज जाऊन जाऊन वितळल्या होत्या. ही नळी होती ती तिने साखरेच्या पाण्यासारख्या रसावर वाढवत ठेवलेली, या नळीतून त्या नळीत, जिवंत राहावी म्हणून. मी विचारलं, कडं आहे ना त्यात? ती म्हणाली, "बघायला एक दिवस लागला असता, अप्पा. मी बघितलं नाही." इतकी शिकलेली पोर न बघता निघाली, यावरून काय ते समजलं.

दूध मीच तापवलं. कोमट केलं. सुगुणाने नळी उघडली आणि विरजण घातलं. मी झाकण ठेवलं, गोणपाट गुंडाळलं, चुलीजवळ सरकवलं. अंबुजा असती तर माझ्या हातावर फटका मारला असता. पहाटे आम्ही दोघेही जागे होतो, दोघेही झोपल्याचं सोंग घेऊन. बाहेर सडा पडल्याचा आवाज आला, तेव्हा उठलो.

दही लागलं होतं. काय सुरेख लागलं होतं! घट्ट, वर पाणी नाही, बोट लावलं तर आरशासारखं. मी झाकण उचललं आणि वाकलो.

"वास आहे," मी म्हणालो.

सुगुणा वाकली. फार वेळ वाकून राहिली. मग भांड्याच्या काठाला हात टेकून म्हणाली, "अप्पा, नाही."

"मजला येतो."

"अप्पा, नाही तो."

"मजला येतो म्हटलं ना."

आई गेल्यापासून ती रडली नव्हती. दारात नाही, तेराव्याला नाही, एकटीही नाही, मला ठाऊक आहे. आता त्या दगडाच्या काठावर कपाळ टेकून रडली. रडता रडता मला सांगत राहिली, जशी काही मी फिर्याद केली होती. म्हणाली, ते सगळे जिवंत आहेत, अप्पा. आईचेच आहेत, दुसरे कुणी मिसळले नाहीत. पण माझ्याकडे त्यांना आयतं गोड मिळत होतं. दार उघडायची गरजच पडली नाही. गरज नसली की कडं गळून जातं, पुढच्या पिढीला मिळतच नाही. आणि शेवटी म्हणाली, "माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे. एक अक्षर चुकलेलं नाही. तुम्हीच लिहिलंय."

मी वाटी भरून घेतली आणि भातावर घालून खाल्लं. आणखी घेतलं. भांडं खरवडून खाल्लं. मुलीसमोर बसून बापाने दुसरं काय करायचं असतं?

ती गेल्यावर मी दुकानातून पितळेची एक जाड तबकडी आणली, कल्चट्टीवर झाकण म्हणून बसेल अशी. तिच्या कागदावर ते दार जिथे सुरू होतं तिथली अक्षरं पाहिली. ए, टी, जी. सुगुणा म्हणायची, बहुतेक कामं याच तीन अक्षरांपासून सुरू होतात. मी तिथून सुरुवात केली आणि काठाकाठाने ठिपक्याला ठिपका लावत गेलो, गोल पुरा होईपर्यंत. सगळं दार मावलं नाही. उंबराही मावला नसेल. पण ठोके सरळ आहेत. घरी कुणी आलं की विचारतं, हे ए. टी. जी. कोण, राव? कुणाची आद्याक्षरं? मी सांगतो, घरचीच.

सुगुणा आता जर्मनीत आहे. तिथे मोठी यंत्रं आली आहेत म्हणे, खिडकीला फिल्म लावावी लागत नाही, अक्षरं आपोआप वाचली जातात. इतर जंतूंची इतर कडी ती वाचते, त्यांची कामं लिहिते. काही तुकड्यांवर अजूनही 'काम ठाऊक नाही' असंच लिहावं लागतं, तेव्हा आईची आठवण येते, असं तिने एका पत्रात लिहिलं होतं. पत्र आमच्या मराठीतच असतं. ही आमची जुनी मराठी, पुण्याकडचे लोक ऐकून हसतात, हसू देत. मीच तिला भजनाच्या पोथीवरून बाळबोध लिपी वाचायला शिकवलं. अलीकडे ओळीत एखादा शब्द परका येतो, एखादी ओळ अर्धी राहते. तिथे तिला असं बोलायला कुणी नाही. आयतं गोड पुष्कळ आहे. मी काही म्हणत नाही. मुलगी जिवंत आहे, सुखात आहे, आपलीच आहे.

दर मार्गळीला तिच्या पत्राच्या शेवटी एकच ओळ असते. "अप्पा, वास आहे का?"

तिला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. तेच दही मी अजून रोज विरजतो, पितळेच्या हातांनी, आणि ते रोज बिनचूक लागतं. आज पहाटेही लागलं. कोलम काढून झाले होते, देवळातलं भजन थांबलं होतं. अक्षरांचं झाकण उचललं, डोळे मिटले, वाकलो. थंडगार दगड, त्यावर घट्ट पांढरं दही, आणि माझ्या हातांचा पितळेचा वास. तसाच वाकून राहिलो, कंबर दुखेपर्यंत.

मग हात धुतले, कागद घेतला आणि लिहिलं, आहे.